‘ॲलर्जी’ हा शब्द देणारे बालरोगतज्ज्ञ

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा गणपती जवळ आले की घराघरांत पाहुणचाराचे बेत सुरू होतात. उरण-पनवेल पट्ट्यातल्या द्रोणागिरीतही हेच चित्र दिसते. सिडकोच्या भूखंडांवर उंच इमारती उभ्या राहिल्या, २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत पोहोचली आणि मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांचे येणेजाणे सोपे झाले. एका बाजूला करंजा, नवघर, फुंडे या जुन्या गावांतली अंगण-पडवीची घरे आहेत. तिथे मासळीच्या वासाने मांजर घरात असतेच आणि दारात कुत्रा असतो. दुसऱ्या बाजूला नव्या फ्लॅटमध्ये हौसेने पाळलेली पर्शियन मांजरे आणि लॅब्राडोर कुत्रे आहेत.

यातल्या काही घरी जायचे म्हटले की एखाद्या आईच्या पोटात गोळा येतो. मांजराच्या घरी पाऊल टाकल्यावर अर्ध्या तासात तिच्या मुलाचे डोळे लाल होतात, नाक वाहू लागते आणि रात्री छातीतून शिटीसारखा आवाज येतो. नातेवाईक म्हणतात, मागच्या वर्षी तर हा दिवसभर मांजराशी खेळत होता, मग आताच काय झाले? कोणी म्हणते, जरा सवय होऊ दे. आई-वडिलांना नाही म्हणणे जड जाते आणि हो म्हणून घेतलेली जोखीमही झेपत नाही.

मागच्या वेळी काही झाले नाही, मग या वेळी का, हा प्रश्न नवा नाही. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या एका तरुण बालरोगतज्ज्ञाला वेगळ्या संदर्भात हाच प्रश्न पडला होता. त्याच्या शोधात त्यांनी जो शब्द घडवला तो आज मराठीतही रोजच्या बोलण्यातला झाला आहे. तो शब्द म्हणजे ‘ॲलर्जी’ आणि त्या डॉक्टरांचे नाव क्लेमेन्स फॉन पिर्के.

धर्मशास्त्राकडून वैद्यकाकडे

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शश्टेटन येथे झाला. घराणे सरदारी आणि सुखवस्तू होते. वडील जमीनदार आणि राजकारणातले, तर आई बँकिंग व्यवसायातल्या नामांकित कुटुंबातली. धाकटे भाऊ गुइडो पुढे अंतराळप्रवासाच्या गणितासाठी ओळखले गेले. रॉकेटने दुसऱ्या ग्रहावर कोणत्या मार्गाने जाता येईल याची आकडेमोड त्यांनी १९२० च्या दशकातच केली होती. आकड्यांची आणि आलेखांची आवड दोन्ही भावांत होती.

क्लेमेन्स यांनी धर्मगुरू व्हावे अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्यानुसार त्यांनी इन्सब्रुकला धर्मशास्त्राचा आणि बेल्जियममधील लुव्हेनला तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पण तिथे मन रमले नाही. घरच्यांना फारसे न रुचलेला निर्णय घेऊन ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० साली ग्राझ विद्यापीठातून डॉक्टर झाले. त्यानंतर ते व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात थिओडोर एशेरिश यांच्या हाताखाली काम करू लागले. आतड्यात राहणाऱ्या ‘ई. कोलाय’ या जिवाणूच्या नावातील ‘ई’ म्हणजे हेच एशेरिश.

त्या काळच्या बालरुग्णालयात घटसर्प, स्कार्लेट ताप आणि क्षय यांचे थैमान होते. प्रतिजैविके यायला अजून चाळीसेक वर्षे होती. घटसर्पावर मात्र एक उपाय नुकताच हाती आला होता आणि पिर्के यांच्या शोधाची सुरुवात त्या उपायाच्या त्रासातून झाली.

घोड्याच्या रक्तातले औषध

एमिल फॉन बेहरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले होते की, घटसर्पाचे विष थोड्या थोड्या मात्रेत जनावराला टोचले तर त्याच्या रक्तात विष मारणारे घटक तयार होतात. पुढे हे काम घोड्यांवर होऊ लागले. घोड्याचे रक्त काढून त्यातले पेशीविरहित पाणी, म्हणजे रक्तद्रव, आजारी मुलांना टोचले जाई. त्याने असंख्य मुलांचे प्राण वाचले आणि बेहरिंग यांना १९०१ साली वैद्यकातले पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. स्कार्लेट तापासाठीही व्हिएन्नात असे रक्तद्रव वापरले जात होते आणि तेही बऱ्याच मोठ्या मात्रेत.

पण काही मुलांमध्ये एक विचित्र गोष्ट घडे. मूळ आजार उतरणीला लागलेला असताना, इंजेक्शननंतर आठ ते बारा दिवसांनी अचानक ताप चढे, अंगावर पित्तासारख्या गांधी उठत, सांधे दुखत, गळ्यातल्या गाठी सुजत. काही दिवसांत हे सगळे आपोआप कमी होई. बहुतेक डॉक्टर याला औषधातला दोष किंवा मूळ आजाराचा अवशेष समजत.

पिर्के आणि त्यांचे हंगेरीहून आलेले तरुण सहकारी बेला शिक यांनी प्रत्येक मुलाचा दिवसवार तक्ता ठेवला. कोणत्या दिवशी इंजेक्शन दिले, कोणत्या दिवशी ताप आला, गांधी कधी उठल्या, कधी गेल्या. या नोंदींतून एक गोष्ट ठळक झाली. ज्या मुलाला पूर्वी कधी घोड्याचे रक्तद्रव दिले होते, त्याला पुन्हा ते दिले तर आठ-दहा दिवस थांबावे लागत नसे. काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात लक्षणे दिसत. औषध तेच, मात्राही तीच, पण दुसऱ्या खेपेला मुलाचे शरीर वेगळे वागत होते.

यातून पिर्के यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळात धाडसी होता. घोड्याचे प्रथिन स्वतः विषारी नाही. पहिल्या खेपेला शरीर त्याला परके म्हणून ओळखते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला आठवडाभर घेते. प्रतिपिंडे तयार होईपर्यंत परके प्रथिन शरीरात शिल्लक असेल तर दोघांची गाठ पडते आणि त्या गाठीतून आजार निर्माण होतो. दुसऱ्या खेपेला शरीर आधीच तयार असते, म्हणून प्रतिक्रिया झटपट येते. शरीराचे रक्षण करणारी व्यवस्थाच आजार निर्माण करू शकते, हा विचार तोवरच्या समजुतीच्या उलट होता. प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ संरक्षण असे सर्वजण मानत होते. १९०५ साली पिर्के आणि शिक यांनी या निरीक्षणांवर ‘सीरम आजार’ या विषयाचे पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा पिर्के ३१ वर्षांचे होते आणि शिक त्यांच्याहूनही लहान.

शब्द कसा आला

एवढे झाल्यावर पिर्के यांना एका शब्दाची गरज भासू लागली. फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए यांनी १९०२ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले होते की काही पदार्थांची दुसरी, अगदी छोटी मात्राही प्राणघातक ठरते. त्यांनी त्याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटले होते. दुसरीकडे, देवीची लस पुन्हा टोचली की हातावरची पुळी पहिल्यापेक्षा लवकर उठते आणि लवकर जाते, हे पिर्के स्वतः पाहत होते. तिथे शरीराचे बदललेले वागणे फायद्याचे होते. मग एका टोकाला संरक्षण आणि दुसऱ्या टोकाला आजार, या दोन्ही गोष्टींना कवेत घेणारा शब्द हवा होता.

१९०६ साली म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी छोटासा लेख लिहिला आणि त्यात ग्रीक भाषेतील ‘वेगळे’ आणि ‘कार्य’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘ॲलर्जी’ हा शब्द सुचवला. एखाद्या पदार्थाशी पूर्वी संबंध आल्यामुळे शरीराची त्याच्याशी वागण्याची पद्धत बदलणे, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे वापरात तो अर्थ आक्रसला आणि त्रासदायक प्रतिक्रियेपुरता उरला. आज तर एखाद्या माणसाचा कंटाळा आला तरी आपण त्याची ॲलर्जी आहे असे म्हणतो.

मांजरामुळे होणारा त्रास मात्र या शब्दाच्या आधीपासून डॉक्टरांना माहीत होता. लंडनचे हेन्री हाइड सॉल्टर हे दम्यावरचे नामांकित डॉक्टर स्वतः दम्याचे रुग्ण होते. मांजर जवळ आले की आपल्याला धाप लागते, डोळे चुरचुरतात, हे त्यांनी १८६० च्या दशकातच लिहून ठेवले होते. ते असे का होते याचा उलगडा मात्र त्या वेळी कोणाकडे नव्हता. पिर्के यांच्या कल्पनेने पराग, प्राणी, अन्न आणि औषधे यांच्यामुळे होणाऱ्या अशा विखुरलेल्या त्रासांना एका चौकटीत बसवण्याची वाट मोकळी केली.

हातावरची खूण

त्वचेवर शरीराची ‘आठवण’ वाचता येते, हे देवीच्या लसीवरून पिर्के यांना पटले होते. ती कल्पना त्यांनी क्षयाला लावली. रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली ट्यूबरक्युलिन हा क्षयाच्या जंतूंपासूनचा अर्क औषध म्हणून जाहीर केला होता, पण औषध म्हणून तो अपयशी ठरला होता. पिर्के यांनी १९०७ साली त्याचा वेगळाच उपयोग दाखवला. हाताच्या त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून छोट्या उपकरणाने वरवर ओरखडा काढायचा आणि एक-दोन दिवसांनी पाहायचे. लाल, फुगीर खूण उठली तर मुलाच्या शरीराची क्षयाच्या जंतूशी ओळख झालेली आहे.

या साध्या तपासणीने कळले की, व्हिएन्नातल्या गरीब वस्त्यांत वरून निरोगी दिसणाऱ्या अनेक मुलांच्या शरीरातही क्षयाचा जंतू शिरलेला होता. जंतू अंगात असणे आणि आजारी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल मान्तू यांनी अर्क त्वचेच्या आत टोचण्याची सुधारित पद्धत आणली. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत मुलांच्या हातावर आजही केली जाणारी ‘मान्तू टेस्ट’ ती हीच. ॲलर्जीसाठी हातावर थेंब ठेवून सुईने टोचण्याची आजची चाचणी याच विचारातून पुढे आलेली आहे. फरक इतकाच की तिचा निकाल दोन दिवसांनी नव्हे, १५ ते २० मिनिटांत दिसतो.

या कामामुळे पिर्के यांचे नाव युरोप-अमेरिकेत गाजले. १९०९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बालरोगाचे प्राध्यापक म्हणून बोलावले. तिथून ते ब्रेस्लाउला गेले आणि १९११ साली एशेरिश यांच्या निधनानंतर व्हिएन्नाच्या विद्यापीठ बालरुग्णालयाचे प्रमुख म्हणून परतले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही.

भुकेल्या शहराचा डॉक्टर

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले आणि व्हिएन्नात अन्नाचा दुष्काळ पडला. मुलांची हाडे दिसू लागली, मुडदूस आणि क्षय वाढले. १९१९ पासून अमेरिकी मदतीतून मुलांना जेवण देण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि ऑस्ट्रियात तिची व्यवस्था पिर्के यांच्याकडे आली. लाखो मुलांपैकी कोणाला आधी आणि किती द्यायचे, हा प्रश्न होता. त्यांनी पुन्हा मोजमापाचा आधार घेतला. एक ग्रॅम दुधाचे पोषणमूल्य हे एकक मानून सगळ्या पदार्थांची तुलना केली. मुलाची बसलेल्या स्थितीतली उंची आणि वजन यांवरून त्याची कुपोषणाची पातळी ठरवली. शिक्षकांना आणि परिचारिकांना वापरता येईल इतकी ती पद्धत सोपी होती. पोषणशास्त्रात ती फार टिकली नाही, पण त्या कठीण वर्षांत तिच्या आधारे शाळाशाळांत मुलांच्या ताटात अन्न पडले.

१९२० च्या दशकात ते ऑस्ट्रियातले अत्यंत आदराचे नाव होते. देशाच्या अध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव घेतले गेले. घरात मात्र पत्नी मारिया यांचे दीर्घ आजारपण होते आणि त्याचा ताण त्यांनाही पोखरत होता. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पती-पत्नी दोघांनीही स्वतःचे जीवन संपवले. पिर्के यांचे वय ५४ होते. हजारो घरांतल्या मुलांना आधार देणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या घरातल्या दुःखासाठी मदत मिळाली नाही, ही गोष्ट आजही विचार करायला लावते. तसे विचार मनात येत असतील तर बोलावे, मदत मागावी. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नंतर काय कळले

पिर्के यांच्या हयातीतच, १९२१ साली, कार्ल प्राउसनित्झ आणि हाइन्झ क्युस्टनर यांनी दाखवले की माशाची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तद्रवातला काही घटक दुसऱ्याच्या त्वचेत टोचला, तर तेवढ्या जागेपुरती ॲलर्जी त्याच्याकडे जाते. हा घटक नेमका कोणता, हे कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील संशोधक यांनी ‘आयजीई’ हे प्रतिपिंड शोधले. पिर्के यांचा सीरम आजार आणि मांजराची ॲलर्जी यांत शरीरातली यंत्रणा वेगळी आहे. मांजराच्या बाबतीत आयजीई ही मुख्य दोषी आहे. पण मूळ सूत्र तेच आहे: आधी ओळख, मग बदललेली वागणूक.

म्हणूनच मागच्या वर्षी मांजराशी खेळलेल्या मुलाला या वर्षी त्रास होऊ शकतो. मागच्या वर्षी त्याचे शरीर कदाचित ओळख करून घेत होते. नातेवाइकांच्या शंकेत मुलावर किंवा आईवर आरोप करण्यासारखे काही नाही.

दुसरा गैरसमज केसांचा. त्रास केसांमुळे होतो असे आपण मानतो, पण मांजराच्या बाबतीत मुख्य कारण त्याच्या त्वचेतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत तयार होणारे एक प्रथिन आहे. मांजर स्वतःला चाटते, ते प्रथिन अंगावर वाळते आणि सूक्ष्म कणांतून हवेत पसरते. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास तरंगतात आणि इतके चिकट असतात की सोफा, गादी, पडदे आणि कपड्यांना धरून बसतात. ज्या घरात मांजर नाही तिथे आणि शाळेच्या वर्गातही ते सापडतात, कारण मांजर पाळणाऱ्यांच्या कपड्यांवरून ते प्रवास करतात. मांजर घरातून कायमचे गेले तरी हे प्रमाण खाली यायला काही महिने लागतात. त्यामुळे पाहुणे येताच मांजराला आतल्या खोलीत कोंडले की प्रश्न सुटला, असे होत नाही. कुत्र्याचेही असेच आहे, फक्त त्याची प्रथिने वेगळी. अमुक जातीच्या कुत्र्याची ॲलर्जी होतच नाही, या जाहिरातीवर विसंबू नये.

पाहुणे म्हणून जाताना

पिर्के यांच्या पद्धतीतली पहिली गोष्ट घरीही करता येते: नोंद. कोणत्या घरी गेलो, किती वेळाने शिंका सुरू झाल्या, खोकला रात्री आला की दुसऱ्या दिवशी, घरी परतल्यावर किती तासांत बरे वाटले, हे वहीत लिहावे. उरणसारख्या दमट किनारपट्टीवर गाद्यांत धुळीतले माइट किडेही भरपूर वाढतात. तेव्हा प्रत्येक शिंकेला मांजरच जबाबदार असेल असे नाही. अशी चार-पाच भेटींची नोंद डॉक्टरांना निदानासाठी फार उपयोगी पडते. गरज वाटली तर ते त्वचेवरची चाचणी सुचवतात. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, हे विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट, बोलणे. आपल्याकडे यजमानाला घरातल्या प्राण्याविषयी सांगणे उद्धटपणाचे वाटते. पण काकू, तुमच्या मनीचा आमच्या बाळाला दम्याचा त्रास होतो, आपण खाली बागेत भेटू या का, असे आधीच फोनवर सांगितले तर बहुतेक जण समजून घेतात. ऐनवेळी दारात उभे राहून सांगण्यापेक्षा हे दोघांनाही सोपे. गणपतीला गेले तर दर्शन घेऊन थोडा वेळ उघड्या गच्चीत किंवा खिडकीजवळ बसावे. मुक्कामाचा प्रश्न असेल तर प्राणी कधीच जात नाही अशी खोली मागावी, आपली उशी आणि चादर सोबत न्यावी. अशी खोली नसेल तर दिवसा भेटून रात्री दुसरीकडे राहणे चांगले. झोपेतले आठ तास गादीत तोंड खुपसून काढणे हे सर्वांत जास्त त्रासाचे असते. यजमानांनी साफसफाई करायची असेल तर ती आदल्या दिवशी करावी. पाहुणे येण्याच्या तासभर आधी झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवला तर बसलेले कण उलट हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसणे बरे.

मुलाला प्राण्याला हात लावू नको एवढेच सांगून भागत नाही. हात लावला तर डोळे न चोळता लगेच साबणाने धुवायचे, हे शिकवावे. घरी परतल्यावर आंघोळ, केस धुणे आणि कपडे थेट धुण्यात टाकणे, एवढे केले तरी ते कण आपल्या गादीपर्यंत येत नाहीत. मांजर पाळणारे नातेवाईक आपल्याकडे मुक्कामाला आले तर मुलाच्या खोलीत त्यांचे कपडे-पिशव्या ठेवू नयेत.

औषधांचा विचार भेटीच्या आधी करावा. भेट तासाभराची असेल तर झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी किंवा सिरप निघण्याच्या आधी देता येते. मुक्काम मोठा असेल आणि नाकाचा त्रास जास्त असेल तर नाकातला फवारा काही दिवस आधी सुरू करावा लागतो, कारण त्याचा परिणाम हळूहळू दिसतो. दोन्ही गोष्टी मुलाच्या वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच. घरात पडलेले जुने सर्दीचे सिरप वापरू नये. त्यातली काही औषधे मुलांना गुंगी आणतात. दमा असलेल्या मुलाचा रोजचा इनहेलर सुट्टी आहे म्हणून बंद करू नये. आराम देणारा इनहेलर आणि स्पेसर पिशवीत हवा, आणि तो कसा द्यायचा हे यजमानांपैकी एकाला दाखवून ठेवावे. मूल एकटेच आजोळी राहणार असेल तर डॉक्टरांकडून एका कागदावर सूचना लिहून घ्याव्यात: कोणते लक्षण दिसले की कोणते औषध, आणि कधी रुग्णालयात न्यायचे.

सवय होईल, हा सल्ला ऐकू नये. संवेदनशील झालेल्या मुलाला मुद्दाम मांजराजवळ बसवल्याने सवय होत नाही, उलट दमा बिघडू शकतो. ठरावीक मात्रेने ॲलर्जी कमी करणारे उपचार आहेत. त्यांची सुरुवात १९११ साली लंडनमध्ये परागांच्या इंजेक्शनांनी झाली. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि वर्षानुवर्षे करायचे असतात.

श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, इनहेलर देऊनही आराम न पडणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नये. इनहेलर देत देत जवळच्या रुग्णालयात न्यावे किंवा १०८ ला फोन करावा. द्रोणागिरीच्या पुढे वसलेल्या गावांतून रात्री वाहन मिळायला वेळ लागतो, म्हणून मुक्कामाला जाण्याआधीच जवळचे चोवीस तास चालणारे रुग्णालय कुठे आहे हे विचारून ठेवावे.

आणखी एक गोष्ट मुलाच्या मनाची. आपल्यामुळे मावशीच्या घरी कोणी जात नाही, आपल्यामुळे मनीला कोंडावे लागते, असे त्याला वाटू देऊ नये. मावसभाऊ-बहिणींना आपल्याकडे बोलवावे, भेटीगाठी मोकळ्या जागेत ठरवाव्यात, आणि मांजर आवडते तर त्याची चित्रे काढायला, खिडकीतून त्याला पाहायला हरकत नाही. आपले शरीर काही गोष्टींशी वेगळे वागते, हे त्याला साध्या शब्दांत सांगितले तर मुलाला ते समजते.